स्ट्रिपची मागची बाजू

सोलापुरात चादर घेणारा माणूस आधी चादर उलटी करतो. नुसती वरची नक्षी पाहून कुणी पैसे मोजत नाही. दोन्ही बाजूंचे रंग पाहायचे, काठाशी धागे सुटलेत का ते चाचपायचं, वजन हातावर तोलायचं आणि मग भाव विचारायचा. ज्या घरांत दोन-तीन पिढ्या मागावर गेल्या, तिथं तर नुसत्या बोटांना सूत कळतं. हीच माणसं औषधाच्या दुकानात उभी राहतात तेव्हा कागदाची पिशवी हातात घेतात, "सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर" एवढं ऐकतात आणि निघतात. स्ट्रिप कुणी उलटी करत नाही.

औषधांवर माझा राग नाही. इन्सुलिन, क्षयाच्या गोळ्या, बाळाच्या लशी, रक्तदाबाची रोजची साधी गोळी यांनी किती घरं सावरली ते मोजता येणार नाही. मला प्रश्न विचारायचाय तो औषध विकताना जे बोललं जातं त्याला. आणि तो विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. बरंचसं उत्तर स्ट्रिपच्या मागं छापलेलं असतं, उरलेलं चौथीच्या गणितात सापडतं.

आधी स्ट्रिप. रंगीत, लक्षात राहणारं नाव हा ब्रँड. त्याच्याजवळ रासायनिक वाटणारं जे नाव असतं ते खरं औषध, आणि त्यापुढं 'आयपी' असेल तर ते भारतीय औषधकोशाच्या मानकानुसार बनवल्याचा दावा. मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापावं असा नियम २०१८ मध्ये झाला. त्याखाली किती मिलिग्रॅम ते असतं. गोळीत एकाहून जास्त औषधं असली तर प्रत्येकाचं नाव आणि वजन वेगळं दिलेलं असतं, आणि ही ओळ सगळ्यांत आधी वाचावी. मग 'मार्केटेड बाय' आणि 'मॅन्युफॅक्चर्ड बाय'. ही दोन नावं पुष्कळदा वेगळी असतात. हिमाचलातल्या बद्दीसारख्या ठिकाणी एकच कारखाना अनेक कंपन्यांसाठी गोळ्या पाडतो, आणि मग त्याच गोळीवर वेगवेगळे ब्रँड, वेगवेगळे भाव चढतात. कडेला उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. लाल चौकटीतला इशारा असेल तर ते 'एच-१' या जास्त कडक नियमांच्या यादीतलं. त्यासाठी दुकानदारानं वेगळ्या वहीत डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह नोंद ठेवायची असते आणि ती वही तीन वर्षं जपायची असते. घसा खवखवतोय म्हणून टिळक चौकात काउंटरवर तीन दिवसांची अँटिबायोटिक मागून घेतली जाते तेव्हा ही लाल रेघ घेणाऱ्याच्याही समोर असते आणि देणाऱ्याच्याही.

आता भाव. सरकार औषधांच्या किमती बांधून देतं म्हणजे बनवायला किती खर्च आला ते पाहून देतं, असं बहुतेकांना वाटतं. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशापासून तसं नाही. बाजारात ज्या ब्रँडांचा वाटा किमान १ टक्का आहे त्यांच्या किरकोळ दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरळ सरासरी काढायची, वर दुकानदाराचे १६ टक्के मिळवायचे, की झाली कमाल किंमत. म्हणजे महाग विकणारेच सरासरी वर ओढतात. जी औषधं या किंमत बांधलेल्या औषधांच्या यादीत नाहीत त्यांची किंमत कंपनीला वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. मग यादीतल्या साध्या औषधात दुसरं एखादं घालायचं आणि जोडगोळी यादीबाहेर न्यायची, हा मार्ग उघडा राहतो. मिश्रणांचं पीक त्यातूनही वाढलं. २०१६ मध्ये केंद्रानं एका झटक्यात ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आणखी १५६ वर. त्यांच्या एकत्र येण्याला वैद्यकीय आधार नव्हता. पण तोवर ती वर्षानुवर्षं लिहिली गेली होती, विकली गेली होती, गिळली गेली होती.

ती लिहिली कशी जातात? डफरीन चौक, सात रस्ता, नवी पेठ, कुठल्याही मोठ्या ओपीडीबाहेर औषध कंपन्यांची टाय लावलेली, बॅग घेतलेली पोरं उभी दिसतात. दिवसाला दहा-अकरा डॉक्टरांचे 'कॉल' पूर्ण करायचे, प्रत्येकासमोर दोन-तीन मिनिटांत व्हिज्युअल एड म्हणजे चित्रं-तक्त्यांच्या पुस्तिकेवरचे चार-पाच ब्रँड सांगायचे, माहितीपत्रक आणि सॅम्पल ठेवून निघायचं. पण खरं काम त्यानंतर केमिस्टकडं चालतं. त्याला आरसीपीए म्हणतात. आपल्या डॉक्टरांच्या किती चिठ्ठ्या आल्या, आपल्या ब्रँडच्या किती स्ट्रिप गेल्या, समोरच्या कंपनीच्या किती, हे काउंटरवर विचारून वहीत किंवा मोबाईलवर भरायचं. डॉक्टरांना वाटतं आपली चिठ्ठी फक्त रुग्णानं आणि केमिस्टनं पाहिली. ती तिसऱ्यानंही मोजलेली असते. कुणाला परिषदेचं आमंत्रण द्यायचं, कुणाकडं साहेबांना घेऊन जायचं, हे त्या आकड्यावर ठरतं. त्या पोरांना मी दोष देत नाही. महिन्याचं टार्गेट त्यांच्या डोक्यावर असतं आणि स्टॉकिस्टकडं, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडं, माल पडून राहिला तर बोलणी त्यांनाच खावी लागतात.

मार्च २०२४ मध्ये केंद्रानं औषधविक्रीची नवी एकसमान संहिता काढली. डॉक्टरांना आणि त्यांच्या कुटुंबाला भेटवस्तू नाही, परदेशी परिषदेचा प्रवासखर्च नाही. डायरी-कॅलेंडरसारख्या आठवणीच्या वस्तू नगाला १००० रुपयांच्या आत. एका औषधाची सॅम्पलं एका डॉक्टरला वर्षाला १२ पाकिटांपर्यंत. 'सुरक्षित' हा शब्द पुढं काही न जोडता वापरायचा नाही, आणि भारतात वर्षभराहून जास्त काळ मिळणाऱ्या औषधाला 'नवीन' म्हणायचं नाही. त्याआधी, २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपन्यांना आयकरातून वजा करता येणार नाही, असा निकाल दिला. त्या भेटींची किंमत शेवटी औषधाच्या किमतीतून रुग्णच मोजतो, हे न्यायालयानं स्पष्ट म्हटलं. संहिता चांगली आहे. ती मोडल्याची तक्रार मात्र कंपन्यांच्याच संघटनेच्या समितीपुढं जाते, हे मला खटकतं.

जेनेरिकची पाटी लावलेल्या दुकानांबद्दलही एक सांगायला हवं. '८० टक्के सूट' वाचून माणूस आत शिरतो. पण कितीवर सूट? काही गोळ्यांवर छापील किंमतच दुकानदाराच्या खरेदीच्या कित्येक पट असते. तिथं मोठी सूट देऊनही दुकानदाराला भरपूर सुटतं, आणि दुसऱ्या दुकानात तीच गोळी छापील भावानं विकली तर बघायलाच नको. म्हणून टक्केवारी सोडावी आणि एका गोळीचा भाव काढावा. चिठ्ठीवरचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम कागदावर उतरवून घ्यायचं, जनऔषधी केंद्रात आणि नेहमीच्या दुकानात तेच विचारायचं. अट एकच, मूळ नाव, वजन आणि प्रकार तंतोतंत जुळायला हवा. 'एसआर' किंवा 'ईआर' म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी. तिच्या जागी साधी गोळी चालत नाही, आणि ती मोडून किंवा कुटून खाल्ली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. फिट्सचं औषध, थायरॉईडची गोळी, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन यांचा ब्रँड मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सारखा बदलू नये. तिथं थोडा फरकही महागात पडतो.

आता गणिताकडं येऊ, कारण खरी विक्री तिथं होते. 'धोका ५० टक्क्यांनी कमी' असं वाक्य घ्या. समजा १०० माणसांपैकी पाच वर्षांत दोघांना झटका येणार होता आणि गोळी घेतल्यावर एकालाच आला. दोनाचा एक झाला, म्हणजे निम्मा. वाक्य खरं आहे. पण तेच असंही सांगता येतं की १०० जणांनी पाच वर्षं रोज गोळी घेतली तेव्हा एकाचा झटका टळला, एकाला तरीही आला, आणि ९८ जणांना गोळी न घेताही येणार नव्हता. ज्याला आधी एकदा झटका येऊन गेलाय त्याच्यासाठी हाच हिशेब फार वेगळा निघतो. तिथं शंभरात दोन नसतात, कितीतरी जास्त असतात, आणि तीच गोळी सोन्यासारखी ठरते. म्हणून 'किती टक्के' ऐकलं की 'माझ्यासारख्या शंभरांत कितींचे किती' हे विचारायला हवं.

दुसरा प्रश्न, मोजलं काय? हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे ठोके अनियमित पडतात आणि अशी माणसं जास्त दगावतात, हे डॉक्टरांना माहीत होतं. ठोके नियमित करणारी औषधं आली, ईसीजी सुधारलेला दिसला, औषधं सर्रास दिली गेली. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मोठी चाचणी झाली तेव्हा कळलं, ती औषधं घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त मरत होते. १९८९ मध्ये त्या औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. कागदावरची रेघ सुधारली होती, माणूस वाचत नव्हता. साखरेचा आकडा, कोलेस्टेरॉलचा आकडा, हाडांचा आकडा, सगळ्यांना हा प्रश्न लागू आहे. आकडा खाली आल्यानं झटके, लकवे, फ्रॅक्चर, मृत्यू कमी झाले का? काही औषधांचं उत्तर ठणठणीत 'हो' आहे. रक्तदाबाच्या जुन्या, स्वस्त गोळ्या त्यातल्याच. सगळ्यांचं उत्तर तसं नाही.

आणि आजाराची हद्द कुणी आखली? उपाशीपोटी साखर १०० च्या वर गेली की 'प्रीडायबेटिस', ही अमेरिकी मधुमेह संघटनेची २००३ ची रेघ. त्याआधी ती ११० वर होती, आणि जागतिक आरोग्य संघटना अजून ११० च मानते. १०५ साखर असलेला माणूस एका पुस्तकात आजाराच्या उंबऱ्यावर आहे, दुसऱ्यात ठीक आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत उच्च रक्तदाबाची रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली गेली आणि प्रौढांतलं उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून ४६ वर गेलं. एका रात्रीत कुणाची रक्तवाहिनी बदलली नव्हती. रेघ सरकवण्यामागं अभ्यास असतात, त्यांना मी खोटं म्हणत नाही. पण अशा सीमेवरच्या माणसाला पहिला सल्ला चालण्याचा, मीठ कमी करण्याचा, तंबाखू सोडण्याचा असतो. जाहिरातीत तो बारीक अक्षरात जातो.

९९९ रुपयांत संपूर्ण शरीर तपासणी, साठ चाचण्या, घरी येऊन नमुना. प्रयोगशाळेची 'नॉर्मल' मर्यादा बहुतेक वेळा अशी ठरते की निरोगी माणसांतले ९५ टक्के तिच्या आत बसावेत. म्हणजे प्रत्येक चाचणीत निरोगी माणसांपैकी ५ टक्के ठरवूनच बाहेर पडतात. चाचण्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर २० चाचण्यांत निदान एक तरी आकडा ठळक छापून येण्याची शक्यता ६४ टक्के. ६० चाचण्यांत ९५ टक्के. म्हणजे धडधाकट माणूसही लाल आकडा घेऊनच घरी येणार. मग पुन्हा चाचणी, सोनोग्राफी, 'एकदा दाखवून घ्या', सप्लिमेंट. तपासणी लक्षणावरून किंवा वयावरून ठरवून करावी. चाळिशीनंतर रक्तदाब आणि साखर, बाईची गर्भाशयमुखाची तपासणी, तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडाची तपासणी. यांतल्या बऱ्याच गोष्टी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा आरोग्य केंद्रात होतात आणि त्यांना साठ चाचण्या लागत नाहीत.

हाडांच्या घनतेचं मोफत शिबिर हा तर विक्रीचा सगळ्यांत गोड प्रकार. मंडळाच्या मांडवात किंवा दवाखान्याच्या व्हरांड्यात छोटं यंत्र ठेवतात, टाचेला जेल लावून पाय आत घालायचा, मिनिटभरात कागद बाहेर. त्यावर 'टी-स्कोअर'. हा आकडा तुमच्या हाडाची तुलना तरुण माणसाच्या हाडाशी करतो, तुमच्या वयाच्या माणसाशी नाही. साठीच्या बाईचा तो उणे येणार हे ठरलेलंच. उणे अडीच ही हाडं ठिसूळ झाल्याची रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं खुबा आणि मणक्याच्या डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या, तपासणीसाठी आखली. टाचेच्या अल्ट्रासाउंडला ती तशीच लावायची नसते. पण कागदावर लाल पट्टा असतो, शेजारच्या टेबलावर कॅल्शियमची पाकिटं असतात. पट्टा लाल आला तर घाबरून जाऊ नये. पूर्वी किरकोळ पडण्यानं हाड मोडलंय का, पाळी पंचेचाळिशीच्या आधी गेली का, महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलंय का, हे पाहावं. यांतलं काही असेल तर डेक्सा करावा.

ड जीवनसत्त्वाची कमतरता मात्र आपल्याकडं खरी आहे. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, पण विडी वळणारी बाई दिवसभर उंबऱ्याच्या आत, यंत्रमागावरचा कामगार पत्र्याखाली, आणि बाकीचे ऊन टाळत. उपाय म्हणून ६०,००० युनिटची गोळी बहुधा आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे देतात. चूक दोन ठिकाणी होते. कुणी ती रोज खातं, कुणी बरं वाटलं म्हणून वर्षभर तशीच चालू ठेवतं. मग रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, आणि मूत्रपिंडावर भार.

एप्रिल-मे आला की पारा चाळिशी ओलांडतो आणि दुकानांच्या फ्रिजमध्ये रंगीत खोके दिसू लागतात. ओआरएसचा इतिहास ज्यानं वाचलाय त्याला ते पाहून वाईट वाटतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हातून पाजायला सुरुवात केली. ३० टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. आजचं सूत्र एक लिटर पाण्याला असं आहे: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे प्रमाणच औषध आहे. आतड्यातून मीठ आत जायला ग्लुकोज लागतं आणि त्यांच्यामागं पाणी जातं. साखर त्याहून फार वाढली तर उलट होतं, आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून खोक्यावर एकच ओळ वाचायची, दर १०० मिलीला साखर किती. खऱ्या ओआरएसमध्ये ती १.३५ ग्रॅम. फळाच्या रसासारख्या पेयांत तिच्या कित्येक पट. अशी पेयं नावात 'ओआरएस' घालून वर्षानुवर्षं विकली गेली, औषधाच्या दुकानांतूनसुद्धा. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई आठ वर्षं याविरुद्ध लढल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली.

घरात पुडीच ठेवावी. मोठी पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची. अर्धी पुडी ग्लासात, हा अंदाजपंचे प्रकार मुलाला भोवतो, कारण मीठ जास्त होतं. ग्लासभरच हवं असेल तर २०० मिलीची छोटी पुडी मिळते. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, शीग न भरता. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी द्यायचं नाही. सोबत मुलाला झिंकची गोळी १४ दिवस, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम. हे सगळं आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडं मिळतं, आणि म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही.

याच उन्हाळ्यात अंगदुखीच्या गोळीचं सांगायलाच हवं. दिवसभर सुपावर मान वाकवून विड्या वळणाऱ्या बाया, बारा तास मागापुढं उभे राहणारे कामगार, यांच्या कनवटीला ती असते. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही सगळी एकाच कुळातली. ती मूत्रपिंडाकडं जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. अंगातलं पाणी आटलेलं असताना, आणि त्यातच रक्तदाबाची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना ती घेतली, तर तिन्ही मिळून मूत्रपिंडाला खिळ घालतात. जाहिरातीत माणूस कंबर धरतो आणि पुढच्या क्षणी नातवाला उचलतो. मधलं काही दाखवत नाहीत. पॅरासिटामॉल त्या मानानं बरं, पण तेही मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नको, आणि ते सर्दीच्या, तापाच्या, अंगदुखीच्या बहुतेक मिश्रणांत लपलेलं असतं. तीन वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या असं वाटतं आणि एकच औषध तीनदा पोटात जातं.

औषध कंपन्यांवरचा विश्वास उडाला की माणूस दुसऱ्या टोकाला जातो, ते मला जास्त घाबरवतं. 'साइड इफेक्ट नाही', 'मुळापासून बरा', 'इन्सुलिन सोडा'. १९५४ च्या चमत्कारी उपचार कायद्याच्या यादीत ५४ आजार आहेत. मधुमेह, मुतखडा, लठ्ठपणा, कर्करोग त्यात येतात. हे बरे करतो अशी जाहिरात करणंच गुन्हा आहे. तरी ती होते. सांधेदुखीच्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दुखणं दोन दिवसांत थांबतं, महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर चढते. ती पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेततं, म्हणून डॉक्टरांना पुडी दाखवूनच ती हळूहळू सोडावी लागते. वरचे सगळे प्रश्न या पुडीलाही विचारायचे: आत काय, किती, शंभरांत कितींना, कशाशी तुलना करून. रक्तदाबाची, साखरेची चालू गोळी लेख वाचून बंद करायची नाही, हाही लेख वाचून नाही.

सरकारी, प्रतिष्ठित आरोग्यसंदेशही कुठून आले ते पाहावं. १९६७ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हृदयविकाराचं खापर चरबीवर फोडणारा आणि साखरेला जवळपास सोडून देणारा आढावा आला. लिहिणाऱ्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना साखर उद्योगाच्या संस्थेनं ६,५०० डॉलर दिले होते, हे उघड व्हायला २०१६ उजाडलं. आपल्याकडं त्या भीतीवर 'कोलेस्टेरॉल-फ्री' तेलाचे डबे विकले गेले. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या चरबीत असतं. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलात ते कधी नव्हतंच. घाण्यावरच्या तेलाला डबा नव्हता, म्हणून त्यावर तसं लिहिलेलंही नव्हतं.

शेवटी पुन्हा स्ट्रिप. पाच गोळ्या हव्या असल्या की दुकानदार कात्रीनं कापून देतो, आणि बॅच नंबर व मुदतीची तारीख छापलेला तुकडा पुष्कळदा ग्राहकाकडं येतच नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधानं लहान मुलं गेली. त्या औषधात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, ०.१ टक्क्याहून जास्त चालत नाही तिथं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं बॅच नंबर जाहीर करून ते औषध वापरू नका असं सांगितलं. घरात बाटली असलेल्यांना आपली बाटली तीच का, हे त्या एका नंबरानंच कळणार होतं. दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं औषध द्यायचंच नसतं, तो वेगळा मुद्दा. स्ट्रिप कापून घेताना बॅच आणि मुदत असलेली बाजू आपल्याकडं मागावी. ती मिळणार नसेल तर बिल मागावं, त्यावर बॅच नंबर आहे का पाहावा, औषध संपेपर्यंत ते डब्यात ठेवावं. औषधानं त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवता येतं, आणि तिथं पहिल्यांदा विचारतात ते औषधाचं नाव आणि बॅच.